विश्लेषण: एम.एस्सी.नंतर संशोधनात नोकरी मिळते, पण किती दिवसांसाठी? जैववैद्यकीय क्षेत्रातील पदे, मानधन आणि वयाचे गणित

मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूऑलॉजी… या विषयांत एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला पुण्या-मुंबईतल्या संशोधन संस्थांच्या जाहिरातींच्या पीडीएफ फिरत असतात. कुठे ‘प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट’ हवा असतो, कुठे ‘ज्युनिअर रिसर्च फेलो’. मानधनाचा आकडा बरा दिसतो, संस्था नामांकित असते, मुलाखत थेट असते. मात्र जवळपास प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी एक अट असते. पद पूर्णपणे हंगामी आहे आणि प्रकल्प संपला की तेही संपेल.

या क्षेत्रात संधी आहेतच, पण त्यांचा हिशेब बँक किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोकरीसारखा लागत नाही. कोणते पद कशासाठी असते, पैसे कुठून येतात, कोणती पायरी पुढे नेते आणि वय कुठे आडवे येते, हे आधी कळले तर आयुष्यातली तीन-चार वर्षे वाचू शकतात.

नोकऱ्या नेमक्या कुठे असतात?

माणसाचे आजार, त्यांची कारणे, निदान, औषधे आणि लशी यांच्याशी संबंधित संशोधन म्हणजे जैववैद्यकीय संशोधन. देशात यातला मोठा भाग केंद्र सरकारच्या पैशांवर चालतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) या तीन प्रमुख यंत्रणा. डीबीटीच्या १४ स्वायत्त संस्था २०२३ मध्ये ‘ब्रिक’ या एका छत्राखाली आणल्या गेल्या. त्यामुळे काही जाहिरातींवर आता जुन्या नावाच्या आधी ‘ब्रिक’ असे दिसते.

महाराष्ट्र या बाबतीत नशीबवान आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही), एड्सवरील संशोधनासाठी स्थापन झालेली आयसीएमआरची संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस), आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. मुंबईत परळला प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, १८९९ पासूनची हाफकिन, टीआयएफआर आणि आयआयटी मुंबई आहे. खारघरला टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र ‘ॲक्ट्रेक’ आहे.

याशिवाय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळा (व्हीआरडीएल) आहेत. करोनाकाळात चाचण्यांचा मोठा भार याच जाळ्याने उचलला. तिथेही संशोधक, तंत्रज्ञ आणि डेटा एंट्रीची पदे निघतात. गावाजवळ राहून अनुभव मिळवायचा असेल तर हा पर्याय अनेकांच्या लक्षातच येत नाही.

इतक्या जाहिराती निघतात, मग कायम नोकरी का नाही?

याचे उत्तर पैशांच्या वाटेत आहे. एखादा शास्त्रज्ञ, समजा, डेंग्यूवरच्या संशोधनाचा प्रस्ताव आयसीएमआर किंवा डीबीटीकडे पाठवतो. तो मंजूर झाला की साधारण तीन वर्षांसाठी निधी मिळतो. त्यात रसायने, उपकरणे, प्रवास यांच्यासोबत ‘मनुष्यबळ’ असा स्वतंत्र रकाना असतो. त्या रकान्यातून एक-दोन पदे भरली जातात. जाहिरात संस्थेच्या नावाने निघते, पण पद असते त्या प्रकल्पाचे. निधी थांबला की पद थांबते.

त्यामुळे एकाच संस्थेत दोन वेगळ्या रांगा असतात. एक, संस्थेच्या मंजूर आस्थापनेवरचे कायम शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ. त्यांची भरती क्वचित आणि मोठ्या स्पर्धेतून होते. दुसरी, प्रकल्पांवरची कंत्राटी पदे. त्यांची भरती वर्षभर चालू असते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिराती बहुतेक दुसऱ्या रांगेतल्या असतात.

‘आठ-दहा वर्षे काम केले की कायम करतील’ ही आशाही तपासून घ्यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात स्पष्ट केले की, नियमित निवड प्रक्रियेतून न आलेल्या कंत्राटी वा हंगामी कर्मचाऱ्यांना केवळ सेवेच्या काळावरून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. संस्था आपल्या जाहिरातीत ‘कायम करण्याचा दावा करता येणार नाही’ हे वाक्य आवर्जून टाकतात, त्यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

कोणत्या पदाला किती मानधन?

आयसीएमआरच्या प्रकल्पांत पदांची उतरंड ठरलेली आहे. ‘प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट’च्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला दरमहा १८ हजार, दुसरीला २० हजार आणि तिसरीला २८ हजार रुपये अधिक घरभाडे भत्ता मिळतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर दहावी-बारावीनंतर डीएमएलटीसारखी पदविका आणि अनुभव असलेले उमेदवार येतात. तिसरीला संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किंवा पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो.

त्यावर ‘प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट’ ही श्रेणी आहे. यात पहिल्या पायरीला ५६ हजार, दुसरीला ६७ हजार आणि तिसरीला ७८ हजार रुपये अधिक घरभाडे भत्ता, हे दर बिगर-वैद्यकीय उमेदवारांसाठी आहेत. डॉक्टरांना पहिल्याच पायरीवर ६७ हजार मिळतात. हे आकडे कायम शास्त्रज्ञांच्या मूळ वेतनाच्या आसपास ठेवलेले आहेत. आयसीएमआरच्या ‘सायंटिस्ट-बी’चे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. फरक असा की कायम शास्त्रज्ञाला त्यावर महागाई भत्ता, वार्षिक वाढ, निवृत्तिवेतन योजना आणि पदोन्नती मिळते, प्रकल्पावरच्या उमेदवाराला ठरलेली रक्कम.

इथे एक गंमत आहे. प्रथम श्रेणीतील एम.एस्सी. असलेला उमेदवार कागदोपत्री २८ हजारांच्या आणि ५६ हजारांच्या अशा दोन्ही पदांना पात्र ठरू शकतो. साहजिकच ५६ हजारांच्या पदासाठी पीएच.डी. झालेलेही रांगेत असतात. त्या जाहिरातीतील ‘इष्ट पात्रता’ हा रकाना निर्णायक ठरतो, कारण निवड समिती गुण देताना नेट, प्रकाशित शोधनिबंध आणि नेमक्या तंत्राचा अनुभव पाहते.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी फेलोशिप वेगळी. जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार, तर दोन वर्षांनंतर एसआरएफ झाल्यावर ४२ हजार रुपये मिळतात. पीएच.डी.नंतरच्या रिसर्च असोसिएटला पहिल्या पायरीवर ५८ हजार. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. मुंबई आणि पुणे सर्वांत वरच्या ‘एक्स’ वर्गात आहेत. ३० टक्के दराने धरले तर जेआरएफच्या हातात ४८,१०० रुपये येतात. पुण्यातले खोलीभाडे पाहता ही चैन नाही, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत.

ही वाढही आपोआप झालेली नाही. २०१८-१९ मध्ये देशभरातील संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा जेआरएफ २५ हजारांवरून ३१ हजारांवर गेली. पुढची वाढ व्हायला आणखी चार वर्षे लागली.

जाहिरात वाचताना काय पाहावे?

पदाच्या नावापेक्षा चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, प्रकल्पाचा उरलेला कालावधी. तीन वर्षांच्या प्रकल्पातील अडीच वर्षे झाली असतील तर नोकरी सहा महिन्यांची आहे. मुलाखतीत हे विचारण्यात गैर काही नाही.

दुसरी, निधी देणारी संस्था. मानधन कोणत्या नियमाने मिळणार हे त्यावर ठरते. अनेक प्रकल्पांत नेट किंवा गेट उत्तीर्ण असलेल्याला आणि नसलेल्याला एकाच पदावर वेगवेगळे मानधन असते.

तिसरी, पीएच.डी.साठी नोंदणी करता येईल का. काही प्रकल्पांत जेआरएफला नोंदणीची मुभा असते, काहींत नसते. तोंडी आश्वासनावर दोन वर्षे घालवणारे उमेदवार कमी नाहीत. मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का आणि नोंदणी कोणत्या विद्यापीठात होणार, हे रुजू होण्याआधी लेखी विचारावे. आयसीएमआरच्या संस्थांमध्ये ‘ॲक्सिर’मार्फत पीएच.डी.ची सोय झाली आहे, तर ‘ॲक्ट्रेक’मध्ये ती होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत होते.

चौथी, कामाचे स्वरूप. नमुने गोळा करत गावोगाव फिरायचे आहे, की पीसीआर आणि पेशी संवर्धन करायचे आहे, की संगणकावर आकडेवारी हाताळायची आहे? दोन वर्षांनी बायोडेटावर काय लिहिता येईल, हे यावरून ठरते.

नेट, गेट, बीईटी… कोणती परीक्षा कशासाठी?

सीएसआयआर-यूजीसी नेटचा जीवविज्ञान (लाइफ सायन्सेस) हा पेपर या क्षेत्राचा मुख्य दरवाजा. परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०० गुण, तीन तास आणि तीन भाग. ‘अ’ भागात सामान्य बुद्धिमापन ३० गुणांचे, ‘ब’ भाग ७० गुणांचा आणि ‘क’ भाग १०० गुणांचा. ‘क’ भागात ७५ प्रश्नांपैकी फक्त २५ सोडवायचे असतात, पण प्रत्येकाला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला वजावट. पाठांतरावर उत्तीर्ण झालेले इथे अडकतात, कारण प्रश्न बहुतेकदा प्रयोगाचा निष्कर्ष काय, असे विचारतात.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षे आहे, महिला आणि आरक्षित प्रवर्गांना सवलत मिळते. सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही.

डीबीटीची बीईटी परीक्षा जैवतंत्रज्ञानाच्या फेलोशिपसाठी असते, टीआयएफआर आणि बंगळूरुच्या एनसीबीएसमधील प्रवेशासाठी ‘जेगीबिल्स’, तर आयआयटींसाठी गेट. पंतप्रधान संशोधन फेलोशिप सर्वांत घसघशीत आहे. पहिली दोन वर्षे दरमहा ७० हजार, तिसऱ्या वर्षी ७५ हजार आणि नंतर ८० हजार रुपये. आयआयटी, आयसर यांसारख्या निवडक संस्थांतच ती मिळते.

जेआरएफ हुकली तरी राज्याच्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती पीएच.डी. फेलोशिप देतात. मात्र त्यासाठी आधी पीएच.डी. प्रवेश हातात असावा लागतो.

वयाचे गणित कुठे बिघडते?

साधारण हिशेब असा. एम.एस्सी. पूर्ण होते २२-२३ व्या वर्षी. नेटची तयारी आणि एखाद्या प्रकल्पावर काम यात एक-दोन वर्षे. पीएच.डी.ला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. प्रयोगशाळेतल्या विषयांत पाच-सहा वर्षे लागणे नेहमीचे. म्हणजे ‘डॉक्टर’ होईपर्यंत तिशी. त्यानंतर दोन-तीन वर्षे पोस्टडॉक केल्याशिवाय मोठ्या संस्थांत अर्ज टिकत नाही.

आता वयोमर्यादा पाहा. सीएसआयआरमध्ये शास्त्रज्ञ पदासाठी सर्वसाधारण मर्यादा ३२ वर्षे, ‘इन्स्पायर फॅकल्टी’ फेलोशिपसाठी ३२, आयसीएमआरच्या सायंटिस्ट-बीसाठी ३५. आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे, तरीही सुरुवातीला वाया गेलेली दोन वर्षे दहा वर्षांनी जाणवतात ती इथे. पंचविशीत ‘पाहू पुढे’ म्हणून घेतलेले तिसरे हंगामी पद तिशीत महागात पडते.

महिलांसाठी हाच काळ लग्न आणि बाळंतपणाचा असतो. पीएच.डी. करणाऱ्या महिलांना यूजीसीच्या नियमांनुसार एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळते आणि कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे. खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ आणि डीबीटीची ‘बायोकेअर’ या योजना आहेत. त्यांची माहिती घरच्यांनाही असली तर बरे, कारण ‘आता पुन्हा कोण घेणार’ हा प्रश्न बहुतेकदा घरातूनच येतो.

प्राध्यापक व्हायचे असेल तर?

सहायक प्राध्यापक पदासाठी १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे. पीएच.डी. सक्तीची नाही. राज्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. आयसरसारख्या संस्थांत पीएच.डी. आणि पोस्टडॉक अनुभवानंतर सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन एक लाखाच्या पुढे जाते.

अडचण पात्रतेची नसून पदांची आहे. राज्यातील महाविद्यालयांत कायम पदांची भरती वर्षानुवर्षे रेंगाळते आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) प्राध्यापकांवर पडतो. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्टीचे महिने कोरडे जातात. नेट, सेट आणि पीएच.डी. असूनही चाळिशीपर्यंत सीएचबीवर असलेले शिक्षक प्रत्येक जिल्ह्यात भेटतात.

वैद्यकीय महाविद्यालये हा दुसरा मार्ग. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री या विषयांत वैद्यकीय एम.एस्सी. आणि पीएच.डी. झालेल्या बिगर-डॉक्टरांना मर्यादित प्रमाणात शिक्षक होता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजीचे दारही पुन्हा उघडले. नवी वैद्यकीय महाविद्यालये वाढत असल्याने याकडे लक्ष ठेवायला हवे. मात्र पदवी वैद्यकीय विद्याशाखेची आहे की विज्ञान शाखेची, हे प्रवेश घेतानाच तपासावे.

परदेशाचा रस्ता अजून सोपा आहे का?

पूर्वीइतका नाही. अमेरिकेत पोस्टडॉकच्या वेतनासाठी ‘एनआयएच’चा दर प्रमाण मानला जातो. २०२४ मध्ये सुरुवातीचा दर वर्षाला ६१,००८ डॉलर होता. मात्र २०२५ मध्ये तिथल्या संशोधन अनुदानांना कात्री लागली, काही विद्यापीठांनी पीएच.डी. प्रवेश कमी केले आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. एक दिलासा असा की डिसेंबर २०२४ मध्ये जे-१ व्हिसाच्या कौशल्य यादीतून भारत वगळला गेला. त्यामुळे या यादीपोटी लागू होणारी, दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट भारतीयांसाठी उरली नाही.

युरोपकडे ओढा वाढला आहे. जर्मनीत पीएच.डी. बहुधा नोकरीच्या कराराने होते. जीवविज्ञानात अनेकदा पूर्ण वेतनाच्या ६५ टक्क्यांचा करार मिळतो. युरोपीय संघाच्या ‘मारी क्युरी’ पोस्टडॉक फेलोशिपसाठी पीएच.डी.नंतर आठ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. परतायचे असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप पाच वर्षे आधार देते. ती संपण्याआधी कायम पद शोधावे लागते, हे विसरून चालत नाही.

सरकारी संस्थांबाहेर काय?

लस आणि औषध कंपन्यांचे पुणे-मुंबई हे मोठे केंद्र. गुणवत्ता नियंत्रण, लस उत्पादन, नियामक कागदपत्रे ही कामे तिथे असतात. नव्या औषधांच्या चाचण्या २०१९ च्या नियमांनुसार होतात आणि २००९ पासून प्रत्येक चाचणीची आधी नोंदणी बंधनकारक आहे. त्यातून क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारे फार्माकोव्हिजिलन्स, मेडिकल रायटिंग, डेटा मॅनेजमेंट अशी कामे तयार झाली. यांपैकी बहुतेकांना पीएच.डी. लागत नाही.

जनुकीय माहितीचे काम वाढते आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. ती वाचायला जीवशास्त्रासोबत पायथन, आर आणि संख्याशास्त्र येणारी माणसे लागतात. एम.एस्सी. करतानाच यातले एक कौशल्य हाती आले तर प्रयोगशाळा आणि कंपनी दोन्हीकडे किंमत वाढते.

अर्ज करण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

* व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ अंतिम समजू नका. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर तीच जाहिरात आहे का, हे पाहा. नियुक्तिपत्रासाठी, ‘डिपॉझिट’ किंवा ‘प्रशिक्षणा’साठी पैसे मागितले तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा.
* थेट मुलाखतीला मूळ कागदपत्रे, गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले आणि जातवैधता वेळेत तयार ठेवा. क्रिमीलेअरसारखी प्रमाणपत्रे केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतात, राज्याच्या नमुन्यातली चालतीलच असे नाही.
* एम.एस्सी.च्या प्रबंधात स्वतः काय केले, हे पाच मिनिटांत मराठी किंवा इंग्रजीत सांगता आले पाहिजे. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.
* प्रकल्पावरचे पहिले पद शिकण्यासाठी घ्या, पण सोबत तारीख ठरवा. दोन वर्षांत नेट, पीएच.डी. प्रवेश किंवा कंपनीत उपयोगी पडेल असे कौशल्य, यांपैकी एक तरी हाती आले नाही, तर तसेच दुसरे पद घेण्याऐवजी दिशा बदलणे शहाणपणाचे.

प्रकल्प संपल्यावर संस्था अनुभवाचा दाखला देते. त्यावर फक्त कालावधी नको, केलेले काम आणि वापरलेली तंत्रे नावानिशी लिहून घ्यावीत. पुढच्या मुलाखतीत तोच कागद सर्वांत आधी पाहिला जातो.